आपला गच्चीचा वाद राहिलाच

आई, तुम्ही गेलात त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत मधेच कुणीतरी लिहिलं, 'गच्चीवरचे प्रकार वेळीच थांबवले असते तर ही वेळ आली नसती.' थोड्या वेळाने लिहिणाऱ्याने ते काढून टाकलं, पण मी वाचलं होतं. वाईट वाटलं, रागही आला. आणि मग आठवलं की जवळजवळ हेच वाक्य मी तुम्हाला मार्च महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात ऐकवलं होतं. मी फक्त भविष्यकाळात बोलले होते.

माणूस गेलं की भांडण मिटतं म्हणतात. आपलं नाही मिटलं. उलट आता दोन्ही बाजू मलाच सांभाळाव्या लागतात, आणि तुमची बाजू मला तुमच्यासारखी मांडता येत नाही.

सुरुवात टेकडीपासून झाली. बाबा गेल्यावर तुम्ही रोज सकाळी टेकडीवर जायला लागलात, ते अठ्ठ्याहत्तरी उलटली तरी सोडलं नव्हतं. पायात कॅनव्हासचे बूट, साडी थोडी वर खोचलेली, आणि परत आल्यावर ठरलेलं वाक्य, 'वर फार गर्दी होती. सगळे म्हातारे.' टाळेबंदी लागली, टेकडीच्या पायथ्याशी पोलीस बसले आणि तुमचं बाहेर पडणं एका दिवसात संपलं. थोड्याच दिवसांत तुमच्या नितीनची भोसरीची कंपनी पुन्हा सुरू झाली, तो जायला लागला. मी घरातूनच आठवीच्या मुलांना भूमिती शिकवायची. आम्ही दोघांनी तुम्हाला लोणच्याच्या बरणीसारखं जपलं. कुणी हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही. भाजी तुम्हाला निवडू द्यायची नाही, कारण ती बाहेरून आलेली. बेल वाजली तर उठू द्यायचं नाही. तुम्ही सकाळी उठून खुर्चीत बसायचात आणि जेवून पुन्हा त्याच खुर्चीत. मला वाटायचं, चला, घरातलं एक माणूस तरी सुरक्षित आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी लँडलाइन वाजला आणि तुम्ही लगबगीने उठलात. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असलेल्या बाईला वाजता फोन सोडवत नाही. बेडरूमच्या दारातलं पायपुसणं सरकलं. मी वर्गाला कोनदुभाजक काढून दाखवत होते. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. धावत आले तर तुम्ही फरशीवर, डावं मनगट उजव्या हाताने धरलेलं, चेहरा पांढरा, आणि मला पाहून म्हणालात, "पडले नाहीये. बसलेय."

मनगट मोडलं होतं.

प्लास्टर होतं तेवढे दिवस तुमची वेणी मी घालायची. इतकी वर्षं एका घरात राहून मी तुमच्या केसांना कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी म्हणालात, "ओढू नकोस, मी तुझ्या आठवीत नाहीये." मग हळूहळू डोळे मिटून बसायला लागलात. त्या खुर्चीमागे उभी राहून मी तुमच्याशी जितकं बोलले, तितकं लग्न झाल्यापासून बोलले नसेन. तुम्ही एक्स्चेंजमधल्या रात्रपाळ्यांबद्दल सांगितलंत, बाबांनी मागणी घालण्याआधी दुसऱ्याच एका मुलीला पाहिलं होतं ते सांगितलंत. समोरासमोर बसून आपल्याला कधी असं बोलता आलं नाही. समोर बसलं की आपण दोघीही बरोबर असायचो.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्ट मुलीचा नंबर दिला. ती व्हिडिओ कॉलवर यायची. मला वाटलं, मनगटाचे व्यायाम सांगेल. तिने मनगट पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा."

तुम्हाला उठता आलं नाही. पुन्हा जोर केलात, पुन्हा मागे बसलात. टेकडी चढणारी बाई. मी फोन धरून उभी होते, आणि मला फोन कुठे वळवावा ते कळेना.

"मनगट भरून येईल," ती मुलगी म्हणाली. "पण तुम्ही नुसत्या पायपुसण्यामुळे नाही पडलात. बसून बसून मांड्यांतलं बळ गेलंय. पायपुसणं काढाल, पण उद्या उंबरा असेल."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.  रागावला असतात तर बरं झालं असतं.

मग घराचीच शाळा झाली. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं, भिंतीला हात लावून, टाचेला बोटं जुळवत सरळ रेषेत चालायचं. मी पोळ्या लाटायची आणि शेजारी तुम्ही एका पायावर. "बगळा केलाय माझा," म्हणायचात, पण चुकवायचा नाहीत. झोपेतून उठलं की आधी बसायचं, थोडं थांबायचं, मग उभं राहायचं, कारण ब्लडप्रेशरच्या गोळीमुळे एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पायपुसणी सगळी गेली. बाथरूममध्ये धरायला दांडा हवा होता, पण प्लंबरला सोसायटीत प्रवेश नव्हता, आणि तो नियम सेक्रेटरी म्हणून मीच काढलेला. शेवटी नितीनने स्वतः ड्रिल हातात घेतलं. एक टाइल फुटली, दांडा तिरका बसला. तुम्ही तो धरून पाहिलात आणि म्हणालात, "तिरका आहे, पण भार घेतोय. बसवणाराही तसाच आहे." नितीन त्या दिवशी किती खूश होता, तुम्हाला कळलं होतं का?

बी विंगमधल्या लीलाताई त्याच सुमारास पडल्या. तुमची टेकडीवरची मैत्रीण. एकट्या राहायच्या, मुलगी कॅनडात. सकाळी स्वयंपाकघरात पडल्या आणि दुपारपर्यंत तिथेच होत्या. दाराबाहेर दुधाची पिशवी तशीच दिसली, पण शेजारच्यांना वाटलं, घाबरून हात लावत नसतील. त्या दिवसांत लोक दूधसुद्धा उन्हात ठेवून मग घरात घ्यायचे. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जोडलं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. भेटायला कुणाला जाता येत नव्हतं. थोड्याच दिवसांत गेल्या.

ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'कोविड नव्हता ना?' उत्तर आलं, 'नाही नाही, पडल्या होत्या.' त्यावर आणखी कुणाचं तरी, 'मग ठीक.'

तुम्ही ते मला मोठ्याने वाचून दाखवलंत. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. "मग ठीक," म्हणालात. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून तुमचं एक्स्चेंज पुन्हा सुरू झालं. सोसायटीतल्या एकेका म्हाताऱ्या माणसाला रोज सकाळी फोन. फोन स्पीकरवर ठेवा, खुर्ची भिंतीला टेकवा, पायात घट्ट बसणारी चप्पल घाला, आता उठा. तुमचा आवाज मुळातच तसा होता, समोरच्याने लाइन सोडायची नाही असा. ए विंगमधल्या आगाशे काकांना केलेला पहिला फोन मला शब्दन्‌शब्द आठवतो, कारण स्पीकर तुम्हीही लावला होतात.

"आगाशे, उभे राहा."

"का? राष्ट्रगीत लागलंय?"

"उभे राहा म्हणते ना."

"वझेबाई, मी ऐंशीच्या पुढे गेलोय. माझं उभं राहायचं वय गेलं."

"बसायचंही गेलंय. आता आडवं व्हायचं तेवढं राहिलंय, आणि त्याला माझी मदत लागणार नाही. उठा."

 पलीकडे खुर्ची करकरली, धाप लागल्याचा आवाज आला आणि काका म्हणाले, "उठलो. आता?"

"आता बसा. आणि परत उठा."

"हे काय, सरकारी काम आहे?"

पण दुसऱ्या दिवशी तुमच्या फोनची वाट बघत बसले होते. त्यांनी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती, जी मुलाला किंवा सुनेला सांगितली नव्हती. बाथरूममध्ये एकदा पाय घसरला होता, पडले नव्हते, नळाला धरून सावरले होते. पण तेव्हापासून त्यांनी अंघोळच सोडली होती. पलंगावर बसून ओल्या पंच्याने अंग पुसायचे आणि बाथरूमचं दार लावून नळ सोडून ठेवायचे, घरच्यांना आवाज यावा म्हणून. हे तुम्ही मला फार नंतर सांगितलंत, तेही 'कुठे बोलू नकोस' म्हणून. "पडायच्या भीतीने माणूस हलायचं सोडतं," तुम्ही म्हणालात, "आणि हलायचं सोडलं की पडतंच. मग म्हणतं, बघा, मला भीती वाटत होती ती खोटी नव्हती."

सगळ्यांना तुमची एक ताकीद होती. फोन वाजला तर धावायचं नाही. वाजू द्यायचा. ज्याचं काम असेल तो परत करील. आयुष्यभर लोकांनी फोन लवकर उचलावा म्हणून जीव टाकलेल्या बाईने हे सांगावं, याचं मला हसू यायचं.

दिवाळीच्या आधी तुम्ही गच्ची मागितलीत. घरातल्या घरात चालून चालून लोक फर्निचरला कंटाळलेत, म्हणालात, पाय मोकळा पडायला सरळ जागा हवी, अंगाला ऊन हवं. चहाच्या टेबलावरच माझ्याकडे वळलात, "सेक्रेटरीबाई, अर्ज द्यायचाय." पासष्टच्या पुढच्यांनी सामाईक जागेत यायचं नाही, हाही आमचाच नियम होता.

ऑनलाइन सभा झाली. चेअरमन साने म्हणाले, "आजी, उद्या कुणाला काही झालं तर जबाबदार कोण?"

"लीला पडली तेव्हा कोण होतं?" तुम्ही विचारलंत.

 सान्यांचा माइक बंद होता की त्यांनी तेव्हा केला, हे मला आजवर कळलेलं नाही. मत द्यायची वेळ आली तेव्हा मी तुमच्या बाजूने दिलं. सून म्हणून नाही. त्या सकाळी तुम्हाला मी हात न टेकता खुर्चीतून उठताना पाहिलं होतं म्हणून.

त्या हिवाळ्यासाठी मी तुमची ऋणी आहे, आणि हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. पाण्याच्या टाक्या आणि सोलरच्या पट्ट्या यांच्यामधल्या जागेत तुम्ही सगळे लांब लांब उभे असायचात, तोंडाला मास्क, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. मी खाली वर्गाची हजेरी घ्यायची आणि वरून तुमचा आवाज यायचा. "टाच. बोटं. टाच. बोटं. जोशी, बायकोकडे बघू नका, पुढे बघा." जोशी काका-काकू नवरा-बायको असूनही लांब उभे राहायचे आणि तोल कुणाचा जास्त गेला यावर जिन्याने उतरताना वाद घालायचे. त्याच हिवाळ्यात आगाशे काकांनी एका सकाळी गच्चीवर जाहीर केलं, "आज मी अंघोळ करून आलोय." बाकीच्यांना वाटलं, काकांचं काहीतरी नेहमीचं तिरकस. तुम्ही फक्त मान हलवलीत. मी कपडे वाळत घालायला वर आले होते. मला तुमचे डोळे दिसले.

मार्चमध्ये आकडे पुन्हा चढायला लागले. तुमचा लसीचा पहिला डोस झाला होता. मी पोळीचं पीठ मळत होते आणि तुम्ही ओट्याला टेकून उभ्या होतात.

"आई, गच्ची पंधरा दिवस बंद ठेवू."

"मागच्या वर्षी पण पंधरा दिवसच होते."

"या वेळी वेगळं आहे. माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिका गेल्या."

"माहिती आहे मला."

"मग? गच्चीवरून एकाला झालं तर सगळ्यांना होईल. वेळीच थांबवलं नाही तर नंतर रडत बसावं लागेल. व्यायाम घरात करा. समजा पडलं कुणी, तर हाड जोडता येतं."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "लीलाचं जोडलं होतं."

मी पीठ मळत राहिले. तुम्ही पाण्याचा पेला भरून घेतलात आणि खोलीत गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी वर गेलात. मी थांबवलं नाही. आठवडाभराने सभेत मी ठराव मांडला, गच्ची बंद. बाकी सगळ्यांनी हात वर केले. तुम्ही कॅमेऱ्यात होतात. तुमचा हात वर नव्हता आणि तुम्ही विरोधही केला नाहीत. घरात आपण दोन दिवस मीठ-साखरेपुरतं बोललो. मला वाटलं, निवळेल. आपलं नेहमी निवळायचं.

मग सगळं एकदमच आलं. नितीनला दोन-तीन दिवस सर्दी होती. ऊन-पंख्याची असेल म्हणून त्याने अंगावर काढली. जोशी काकांना ताप आला, पाठोपाठ काकूंना. आणि मग तुम्हाला. कुणाला आधी झालं, कुणाकडून कुणाला, याचा हिशेब मी इतक्या वेळा मांडला आहे की आता मला भूमितीची प्रमेयंसुद्धा तशीच दिसतात. पक्षात हे दिलं आहे, साध्य ते आहे, आणि मधली पायरी नाही.

तुमचा ऑक्सिजन उतरायला लागला. नितीनने शहरभर फोन केले, शेवटी येरवड्याच्या पुढे एका हॉस्पिटलात खाट मिळाली. तुम्ही जिना स्वतः उतरलात. पीपीई घातलेला माणूस आधार द्यायला पुढे आला तर त्याला म्हणालात, "माझं मी उतरते. तुम्ही तुमचा पाय बघा, त्या पिशवीत अडकेल." कठड्याला धरून, एकेक पायरी, मधे थांबत. मी वर दारात उभी होते. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत, कारण जिना उतरताना मागे बघायचं नाही, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवलं होतंत.

त्यानंतर एकदाच बोलणं झालं. एका नर्सने फोन धरला होता. मास्कमधून तुमचा आवाज इतका बारीक येत होता की मला स्पीकर कानाला लावावा लागला.

"मेधा, इथे उठू देत नाहीत."

"सध्या उठू नका, आई. नळी निघेल."

"पायातलं जाईल सगळं."

"घरी आलात की परत करू सुरुवात."

"गच्चीवर?"

मी म्हणाले, "आधी घरी या."

तेवढ्यात नर्स म्हणाली, आता पुरे, आजी दमल्यात. फोन बंद झाला. हो म्हणायला किती वेळ लागतो, आई? एक अक्षर. पण मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. तुम्ही उत्तराची वाट बघत होतात की नुसतं विचारलंत, हेही मला आता कधी कळणार नाही.

तुम्ही गेल्यावर आम्हाला तुमचं तोंडही नीट पाहता आलं नाही. नितीन स्मशानात लांबून नमस्कार करून आला. घरी येऊन अंघोळ करताना त्याने तो तिरका दांडा धरून ठेवला असावा, कारण पाणी बंद झाल्यावरही बराच वेळ तो बाहेर आला नाही.

जोशी काका-काकू बरे होऊन घरी आले. ग्रुपवरचं ते वाक्य त्यांच्या मुलाचं होतं. मला ते कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. आई-वडील दोघे एकाच वेळी हॉस्पिटलात असलेल्या माणसावर मी रागवू शकले नाही. मीही ग्रुपवर उत्तर लिहिलं होतं, मोठं. पाठवलं नाही. तुमची बाजू मांडायला बसले आणि अर्ध्यावर लक्षात आलं की मी जोशींच्या मुलाचीच बाजू लिहितेय.

नितीन गप्प झाला. कामावर जायचा, यायचा, जेवायचा. एका रविवारी दुपारी तुमचं कपाट आवरायला घेतलं तेव्हा तुमची शाल घडी घालता घालता त्याने विचारलं, "मेधा, आईला माझ्याकडून झालं असेल का?"

"मला माहीत नाही."

"गच्चीवरून?"

"तेही माहीत नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, आपल्याला कधीच कळणार नाही."

तो पलंगावर बसला. शाल मांडीवर होती. "सगळे म्हणतात, तुझ्यामुळे नाही रे," तो म्हणाला. "कुणाला काय माहीत? तू निदान तसं म्हणाली नाहीस." मग तो रडला, पहिल्यांदाच. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. तुम्ही असता तर त्याला पाणी दिलं असतंत आणि 'पुरे आता' म्हणाला असतात. मला ते जमलं नाही. पुरे झालं असं मलाच वाटत नव्हतं.

आकडे उतरले, लसी झाल्या, दुकानं उघडली. गच्चीचं कुलूप मी काढलं नाही. कुणी विचारलं तर 'बघू' म्हणायची. मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात आगाशे काका, मास्क लावून, भिंतीला हात टेकून.

"आत या ना, काका."

"नको. इथेच बरं आहे." मग जिन्याकडे बघत म्हणाले, "वझेबाईंनी तुम्हाला माझ्या अंघोळीचं सांगितलं असेल."

"नाही," मी म्हणाले.

"सांगितलं असेल. पण तुम्ही नाही म्हणालात ते ठीक केलंत." त्यांनी भिंतीवरचा हात बदलला. "मी परत पुसून घ्यायला लागलोय. घरात रोज उठतो-बसतो म्हणतो, पण होत नाही. फोन येत नाही ना सकाळी. काल उंबऱ्यात अडखळलो. सुनेने धरलं. ती घरात होती म्हणून."

 काका म्हणाले, "गच्ची कधी उघडताय ते सांगा. नसाल उघडणार तर तसं सांगा, म्हणजे मी आशा सोडतो. या वयात आशा बाळगायलाही ताकद लागते."

आई, मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. तुम्ही बरोबर होतात, असं मी अजूनही म्हणत नाही. गच्चीवर गेला नसतात तर कदाचित आज तुम्ही खोलीत असतात, खुर्चीत, हळूहळू न उठणाऱ्या. किंवा गच्चीवर न जाताही हेच झालं असतं. लीलाताई घरात बसूनच गेल्या. तुम्ही घराबाहेर पडून गेलात की घरातल्या कुणामुळे गेलात, ते माहीत नाही. मला एवढंच दिसलं की दारात एक माणूस उभा आहे आणि त्याचा पाय उचलत नाही.

सभा घेतली. दोन्ही डोस झालेल्यांनीच यायचं, मास्क, अंतर, कुणी जरासं खोकलं तरी घरी. साने म्हणाले, "जबाबदारी कोण घेणार?" मी म्हणाले, "मी. आणि पडलं कुणी तर तुम्ही घ्या." बोलून गेल्यावर लक्षात आलं, हा आवाज माझा नाही.

जोशींचा मुलगा म्हणाला, "मी आईबाबांना पाठवणार नाही."

"नका पाठवू," मी म्हणाले. "तुमचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही."

 दुसऱ्या दिवशी त्याचा मला वेगळा निरोप आला. 'आईला घरातच व्यायाम करायचेत. तुमच्या सासूबाई फोनवर काय सांगायच्या ते सांगाल का?' मी आता रोज सकाळी वर्गाआधी जोशी काकूंना फोन करते. माझा आवाज तुमच्यासारखा नाही. काकू मधेच लाइन सोडून चहा ठेवायला जातात.

परवापासून गच्ची सुरू झाली. पूर्वीच्या निम्मेसुद्धा नव्हते. नितीनने सकाळी येऊन खुर्च्या मांडल्या आणि डबा घेऊन कंपनीत गेला. पुढे कोण उभं राहणार हे ठरलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी राहिले. टाचा झाल्या, उठाबशा झाल्या. "आता एका पायावर," मी म्हणाले आणि दाखवायला म्हणून पाय उचलला. वर्ष-दीड वर्ष मी संगणकासमोर बसून शिकवते आहे, याचा मला विसर पडला होता. माझाच तोल गेला.

"सेक्रेटरीबाई," आगाशे काका म्हणाले, "खुर्ची धरा. तुम्ही पडलात तर परवानगी कुणाकडे मागायची?"

आधी कुणी हसलं नाही. मग सगळे हसले. मी खुर्ची धरली. शेजारी काका उभे होते, एका पायावर, खुर्चीला एकच बोट टेकवून.